आतल्या बाजूचे चरे

तिसरं पातं पाण्यात गेलं आणि टचकन वाजलं.

लोहाराच्या घरात हा आवाज कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी भात्याची दोरी सोडून दिली. बाबांनी सांडशीतला तुकडा पाण्यातून वर काढला, डोळ्यांजवळ नेला, मग आणखी जवळ नेला, अगदी नाकाला टेकेपर्यंत.

"तडकला?" त्यांनी मलाच विचारलं.

"तडकला."

"लोखंडातच खोट आसा."

पहिलं पातं बिघडलं तेव्हा कोळसा ओला होता. दुसऱ्याच्या वेळी मी भाता नको तेवढ्या जोरात मारला होता. आता लोखंडात खोट निघाली. बाबांकडे हत्यारं मोजकी होती, पण कारणांना कधी तोटा नव्हता. मी दाराला लावलेली पोती काढली. रंग नीट दिसावा म्हणून भर दिवसा पोती लावून काळोख करायचा, ही आमच्या शाळेतली जुनी रीत. उजेड आत आला आणि बाबांनी डोळे मिटून घेतले. सकाळी आठ ते दोन काजूच्या कारखान्यात बी सोलून आले होते, त्यानंतर गाईचं, मग भाता. बोलायला अंगात जीव लागतो.

(आमची शाळा म्हणजे लोहारशाळा. पोरांची शाळा मी चौथीतच सोडली.)

शहाऐंशी सालची ही गोष्ट. मी चौतिशीची, बिनलग्नाची. आई जाऊन तीन वर्षं झालेली. घरात मी आणि बाबा. गाव त्यांना आबा मेस्त्री म्हणायचं. घटस्थापना होऊन गेली होती आणि दसऱ्याला देवीची बंदूक शिवेवर न्यायची होती. त्या बंदुकीला बाकी सगळं झालं होतं, पातंच नव्हतं.

आमच्या आंबरवळ गावात दसऱ्याला सातेरी देवीचं तरंग, म्हणजे साडी नेसवलेला तिचा उंच खांब, वाजतगाजत शिवेपर्यंत जातं आणि तिथे बंदुकीचा एक बार काढतात. बंदूक ठासणीची, पण केपाची नव्हे. देवीला केपाची तांब्याची टोपी चालत नाही, दगडाची ठिणगीच लागते. घोड्याच्या दाढेत गारगोटी धरलेली असते. चाप ओढला की घोडा समोरच्या पोलादी पात्यावर आपटतो, ठिणग्या खालच्या वाटीतल्या दारूत पडतात आणि बार होतो. चाप एकदाच ओढायचा. वाटीतली दारू नुसती भुर्रकन जळून गेली आणि बार फुसका निघाला, तर गावाचं वर्ष वाईट जातं म्हणत. गावाचं काय व्हायचं ते होवो, बंदूक घडवणाऱ्या घराचा मान मात्र नक्की जायचा. तो मान आमच्या घरात पणजोबांपासून होता. मान म्हणजे काय, तर दसऱ्याला एक नारळ, आणि तरंगाच्या मागे तिसऱ्या नंबरावर चालायचं. पण बाबांना विचाराल तर त्यांच्याकडे दुसरं होतंच काय.

आणखी एक नेम होता. बंदूक नवी घडवली किंवा तिचं काही महत्त्वाचं बदललं, की पहिला बार घडवणाऱ्यानंच काढायचा. "ज्याचा हात, त्याचा गाल," असं आमच्याकडे म्हणत. जो माणूस आपल्या हातच्या बंदुकीला स्वतःचा गाल लावायला भितो, त्यानं ती दुसऱ्याच्या हातात देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

आदल्या पावसाळ्यात देवळाच्या भांडारात गळती लागली. पेटी उघडली तेव्हा लाकडी कुंद्याचा वाळवीनं भुगा केलेला, आणि घोडा, चाप, पातं, सगळ्याचा गंजून एक गोळा झालेला. परवान्याचा नंबर असलेली नळी तेवढी धडधाकट. देवळाचे मानकरी दाजी राऊळ दुरुस्तीचा कागद घेऊन आमच्या दारात आले आणि बाबा दोन महिने घरातल्या घरात त्या बंदुकीला बसले. कुंदा झाला, घोडा झाला, चाप झाला. हे सगळं हातानं चाचपून होण्यासारखं काम होतं. अडलं ते पात्याशी.

कारण पात्याला रंग ओळखावा लागतो. पोलाद तापवून पाण्यात घालायचं ते नेमक्या रंगावर. बाबा लहानपणी मला शिकवायचे, "रातांब्यावर काढूचा, आंब्यावर जावक देवचा नाय." पिकल्या रातांब्यासारखा लाल दिसला की लगेच काढायचं. पिकल्या आंब्यासारखा पिवळसर होऊ दिला तर पातं तडकतं, आणि रातांबा पिकायच्या आधी घाई केली तर ते मऊ राहतं, गारगोटी आपटली तरी ठिणगी पडत नाही. आणि बाबांना त्या वर्षी रातांबा आणि आंबा सारखाच दिसत होता.

मला हे कळत होतं. चहा कपाबाहेर पडायचा. दारात उभं राहिलेल्याला ते "कोण ता?" असं विचारायचे आणि आवाज ऐकल्यावर "वळाखलंय, वळाखलंय" म्हणायचे. तालुक्याला डोळ्यांचं शिबिर होतं तेव्हा मी दोनदा विषय काढला होता. दोन्ही वेळा ते गोठ्याकडे निघून गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातले.

तिसरं पातं तडकलं त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "बाबा, पुढच्या खेपेक रंग मी सांगू? इलो की सांगतंय."

"तू भातो मार," ते म्हणाले. "रंग बघूक मी आसंय. चाळीस वर्सां बघत इलंय."

त्याच आठवड्यात भिवा आला. भिवा माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. कुडाळात त्याचं विजेवरच्या वेल्डिंगचं दुकान होतं आणि ते बरं चाललं होतं. गावात आमच्या पात्याची बातमी पोचलीच होती. तो ओट्यावर बसला, पायातल्या चपला त्यानं नीट जोडून ठेवल्या, चहा घेतला.

"काका," तो म्हणाला, "माप देवा माका. दोन दिसात पातां करून आणतंय. नाव तुमचाच."

"आणि पयलो बार?" बाबांनी विचारलं.

"तुमीच काढा. कोणाक काय कळतला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

बाबांनी चाचपून त्याचा कप त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "च्या निवता. पी आणि जा."

भिवा वाईट नव्हता. जाताना मला गोठ्यापाशी हळूच म्हणाला, "ताय, तेंका सांग. दसऱ्याक फुसको बार झालो तर मान माझ्याकडेच येतलो, पण असो नको माका." मी मान हलवली. मला वाटलं, हा सांगतो ते खरंच आहे, फक्त यानं हे बाबांसमोर बोलायला नको होतं. माणसाचं भलं करायचं तर ते त्याला विचारून कशाला करायचं? ही माझी अक्कल. पुढे जे घडलं ते या अकलेनंच घडलं.

बाबांनी चौथं पातं केलं. या वेळी तडकलं नाही. ते खूश झाले, कितीतरी दिवसांनी त्यांनी जेवताना सोलकढी मागून घेतली. ते पडवीत आडवे झाल्यावर मी पात्याच्या कडेला कानस लावून बघितली. कानस खसकन लागली. मऊ होतं ते, लोण्यासारखं. त्यावर दगड आपटला असता तर आवाज आला असता, ठिणगी आली नसती. मी ते परत होतं तिथे ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले. दसरा चार दिवसांवर होता. मला आठवतं, त्या वेळी मला बाबांची दया वगैरे आली नाही. मला नुसतं झोपावंसं वाटत होतं.

अष्टमीला बाबा सकाळपासून देवळात होते. मी कारखान्यात कणकण आल्याचा निरोप पाठवला आणि शाळेच्या दाराला पोती लावली.

लोखंड कुठून आणायचं हा प्रश्न होता. घरातलं चांगलं पोलाद चार पात्यांत संपलं होतं, आणि चौथंच पुन्हा तापवावं तर घासून घासून ते फार पातळ झालं होतं. माझी स्वतःची अशी एकच वस्तू त्या शाळेत होती, ती म्हणजे माझी कानस. मी बारा वर्षांची असताना बाबांनी ती कोल्हापूरहून आणली होती. मी डावखुरी. डाव्या हातानं घास उचलला की आई हातावर फटका मारायची, पंगतीत बायका नाकं मुरडायच्या. शाळेत मात्र बाबांनी कधी माझा हात बदलला नाही. फक्त चिडवायचे, "तुझे चरे उलटे पडतत गो. सगळ्या जगाचे उजवीकडे, तुझे डावीकडे." उजव्या हाताच्या माणसाची कानस लोखंडावर एका अंगानं तिरकी फिरते, माझी दुसऱ्या अंगानं. घासून चकाकी आणली की ते जातं म्हणा. पण आतल्या बाजूला कोण चकाकी आणतंय.

ती कानस मी भट्टीत घातली. एका हातानं भाता, एका हातानं सांडशी. घाम डोळ्यांत जात होता. ठोकून आकार आणला, बाबांच्या कानशीनं घासून माप जुळवलं, मग पुन्हा तापवलं. रंग चढायला लागला. काळा, मग जांभळट, मग हळूहळू रातांबा. अगदी वैशाखात झाडाखाली पडतो तसा. मी काढलं आणि पाण्यात घातलं. चर्र झालं, टच् झालं नाही. कडेला कानस धरली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. बंदुकीवर चढवून कोरडाच घोडा पाडला, तर ठिणग्या पार माझ्या मनगटापर्यंत आल्या.

मला आनंद झाला. खोटं का सांगू, एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. आणि लगेच वाईट वाटलं, कारण तो कुणाला सांगता येणार नव्हता. बाबांचं मऊ पातं मी कोळशाच्या ढिगात खोल पुरलं, पोती काढली, चुलीवर भात ठेवला.

संध्याकाळी बाबा आले. त्यांनी बंदूक मांडीवर घेतली, घोडा मागे ओढला, चाप दाबला. ठिणग्या त्यांनाही दिसल्या असाव्यात, किंवा त्यांनी आवाजावरून ओळखल्या.

"बघ," ते म्हणाले, "जमला."

"जमला," मी म्हटलं.

"मी म्हणी नाय तुका? लोखंडात खोट हुती."

"हुतीच."

नवमीला शस्त्रांची पूजा. आदल्या दिवशीचं काम अंगावर आलं होतं. माझे खांदे उचलत नव्हते. बाबा ओट्यावर बसून बंदूक पुसत होते. पुसता पुसता त्यांनी पातं सोडवून हातात घेतलं. तेल लावलं. मग अंगठा पात्याच्या आतल्या बाजूवरून फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. त्यांचा तो अंगठा किती वेळ तिथे होता ते मी बघत होते, पण मला वाटलं म्हातारा माणूस आपल्या कामावर हात फिरवतोय.

"बाय," ते म्हणाले, "तुझी कानस खंय आसा?"

"हरवली."

"हरवली?"

"मिळात खंय तरी."

त्यांनी पातं परत बसवलं. त्यानंतर ते पूजेला उठले आणि जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. आमच्या घरात न बोलण्याचे दिवसच जास्त.

दसऱ्याला दुपार कलल्यावर तरंग निघालं. ढोल, ताशे, पोरांचा गलका. बाबा तिसऱ्या नंबरावर, खांद्यावर बंदूक, डोक्याला आईनं कधीतरी धुऊन ठेवलेला फेटा. मी मागे बायकांत, हातात ओटीचं ताट. भिवाही कुडाळहून आला होता. शिवेवर आपट्याच्या झाडापाशी सगळे थांबले. ढोल बंद झाले. बाबांनी बंदूक भरली. त्यांचे हात बघण्यासारखे होते. माप, ठासणी, वाटीतली दारू, कुठेही चाचपडणं नाही. गजानं ठासल्याचा ठक् ठक् आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि परत खाली घेतली.

"सुगंधा खंय आसा?"

मी ताट शेजारणीच्या हातात दिलं. वाटलं, त्यांना चक्कर आली की काय. गर्दीतून पुढे गेले.

"हय ये," ते म्हणाले आणि बंदूक माझ्यापुढे धरली. "बार तुझो."

"कसलो बार? बाबा, काय बोलतास?"

दाजी राऊळ पुढे झाले. सत्तरीचे, तिन्हीत्रिकाळ सोवळ्यातले. "आबा, ह्या काय नवीन?"

"दाजीनू," बाबा म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पातां माझा नाय. तिचा आसा. माझी तीन तडाकली, चवथा मऊ झाला. माका आता रंग दिसणा नाय. तिणा आपली कानस मोडून केल्यान, आणि माका सांगूक नाय."

मी त्यांच्याजवळ सरकून हळू आवाजात म्हटलं, "बाबा, गप बार काढा. पाया पडतंय तुमच्या."

"ज्याचा हात, त्याचा गाल."

"अरे पण आबा," दाजी म्हणाले, "तू काढलो असतंस तर कोणाक कळला नसता."

"तुमका कळला नसता. देवीचा माका म्हायत नाय. माका कळला."

"बाईमाणसाच्या हातान देवीचो बार आजपर्यंत जावक नाय."

"बाईमाणसान देवीची बंदूक आजपर्यंत घडवूक पण नाय. औंदा घडवल्यान."

दाजींनी सूर्याकडे बघितलं. तो टेकायला आला होता आणि सोनं लुटायची वेळ टळत होती. "काढा," ते वैतागून म्हणाले. "कोण पण काढा. उद्या बसून काय ता बोलू."

मला रडू येत होतं, आणि ते भीतीचं नव्हतं, रागाचं होतं. ज्या एका गोष्टीसाठी मी मर मर मरले, ती गोष्ट या माणसानं सगळ्या गावासमोर स्वतःच्या हातानं मोडली होती. मी बंदूक घेतली. जड होती. उजव्या खांद्याला लावून बघितली, तर हात आंधळ्यासारखे झाले, चाप कुठे, नेम कुठे काही सुचेना. शेवटी हातांनी आपली वाट धरली. बंदूक डाव्या खांद्याला आली, गाल लाकडावर टेकला, आणि डाव्या हाताच्या बोटानं मी चाप ओढला.

आधी डोळ्यांपुढे पांढरं झालं. गालावर कुणीतरी तापलेली उलथणी टेकवली. आणि मग बार झाला, असा, की आपट्याच्या झाडावरचे कावळे उडून पार खाडीकडे गेले.

ढोल सुरू झाले, लोक ओरडले, पोरं आपट्याच्या पानांवर तुटून पडली. मी बंदूक कुणाच्या हातात दिली ते आठवत नाही. देवीच्या बंदुकीची वाटी उजव्या अंगाला असते. उजव्या खांद्याला लावणाऱ्याच्या ती तोंडापासून लांब राहते. डाव्या खांद्याला लावणाऱ्याच्या अगदी गालाशी येते, आणि जाळ सरळ तोंडावर. इतकी साधी गोष्ट, आणि लोहाराच्या घरातल्या दोन माणसांपैकी एकालाही ती आठवली नव्हती.

बाबा माझ्याजवळ आले. त्यांनी हात पुढे केला, तो आधी माझ्या खांद्याला लागला, मग मानेला, मग गालाला. अंगठा भाजलेल्या जागेवर आला तशी मी मागे सरले.

"डाव्या खांद्याक लावलंस," ते म्हणाले.

"होय."

"माझ्या ध्यानात रवला नाय गो."

मी वाट बघत होते, आता कोळशाचं काहीतरी निघेल, दारूचं, लोखंडाचं. काही निघालं नाही. तेवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक झाली आणि मान भिवाकडे गेला. आंधळा माणूस आणि बाईमाणूस, अशा घरात देवीची बंदूक कशी ठेवायची, असं ठरलं. भिवा सांगायला आला तेव्हा त्याची मान वर होत नव्हती. बाबा म्हणाले, "बरा झाला. तू चांगला करतलंस." मी मात्र आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. मला बाबांचा राग आला होता आणि तो राग मला वर्षभर पुरला. कामं करत होते, जेवायला वाढत होते, पण कामापुरतं बोलायचं. गालावरचा डाग राहिला तो राहिलाच. आजही कुणी विचारलं तर काजूचा तेलकट चीक उडाला म्हणून सांगते. कारखान्यातल्या बाईच्या गालावरच्या डागाला पुढे कुणी काही विचारत नाही.

डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनी त्यानंतर मुकाट्यानं करून घेतलं. उशीर झाला होता. एका डोळ्याला माणसाची सावली कळायची, दुसऱ्याला तीही नाही. तरी शाळेत जाऊन बसायचे. भट्टी बंदच होती. कुठूनसा शिसवीचा एक ओंडका मिळवला होता, तो तासत बसायचे. दिवसभर पटाशीचा बारीक आवाज. सगळ्या घरभर लाकडाचा भुसा, झाडून झाडून माझी कंबर मोडायची. "काय करतास ता?" म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हाताक काम नको?" मी पुन्हा विचारलं नाही. एकदा मी शेणाच्या हातांनी गोठ्यातून येत होते तर मला थांबवलं.

"बाय, हात लांब कर."

"कित्याक?"

"कर."

मी डावा हात पुढे केला. त्यांनी खांद्यापासून बोटांपर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली.

"पोलक्याचा माप घेतास काय?" मी वैतागून म्हटलं. ते हसले. मला घाई होती, चुलीवर दूध होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी मार्गशीर्षात ते गेले. झोपेतच. तेराव्याला भिवा आला होता. पाहुणे गेल्यावर, देवीच्या बंदुकीचा जुना गज आणि दारूचं शिंग माळ्यावर आहे का ते बघायला तो शिडी लावून वर चढला. माळ्यावरून त्यानं बाबांच्या धोतरात गुंडाळलेलं एक लांबसं गाठोडं खाली आणलं आणि ओट्यावर सोडलं.

आत बंदुकीचा कुंदा होता. नवा, शिसवीचा, तेल पाजून पाजून काळाभोर झालेला. नळीची पन्हाळ तयार, चापाची जागा तयार. लोखंड मात्र त्याला कुठेच नव्हतं.

भिवानं तो उलटसुलट केला आणि जीभ टाळूला लावून चुकचुकला.

"अरेरे. शेवटाक काकांका काय्येक दिसत नाय हुता ना. बघ ताय, घोड्याची खाच डावीकडे काढल्यानी. गालाची जागा पण उलटी. एवढा शिसवीचा लाकूड, कोणाच्याच उपयोगाचा नाय."

मी त्याच्या हातातून कुंदा घेतला आणि डाव्या खांद्याला लावला. हात जिथे जायला हवा होता तिथे गेला, एक बोटभरही मागेपुढे नाही. गाल टेकवला. डागाच्या जागी लाकूड थंड आणि गुळगुळीत होतं, आणि घोड्याची खाच पलीकडच्या अंगाला होती, माझ्या तोंडापासून लांब.

भिवा चुळबुळायला लागला.

"ताय?"

"भिवा," मी म्हटलं, "भातो मारतलंस?"

"आता? आणि कित्याक?"

"उलट्या बाजूचो घोडो बाजारात मेळाचो नाय," मी म्हटलं, आणि दाराला लावायची पोती शोधायला लागले.